विदर्भातून कोकणात जाताय? खानावळीत मासे मागवण्याआधी हे वाचा

रोहू, कतला, मरळ आणि आठवडी बाजारातले सुके झिंगे खाऊन वाढलेल्या माणसाच्या हातात समुद्राकाठच्या खानावळीचं मेनूकार्ड आलं, की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. नाव ऐकलेलं असतं म्हणून तो पापलेट मागवतो, नाहीतर सरळ चिकन. पापलेटमध्ये खिसा रिकामा होतो आणि चिकन तर दारव्ह्यातही मिळतं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून वर्धा, वाशीम, बुलढाण्याकडून गाडी करून अलिबाग, दापोली, मालवण गाठणं पहिल्यापेक्षा सोपं झालं आहे. इतका प्रवास करून जायचं तर तिथलं जेवण नीट मागवता आलं पाहिजे.

पहिला नियम असा, की मेनूकार्ड उघडण्याआधी विचारायचं: "काका, आज काय आलंय?" कार्डावर तीस मासे छापलेले असले तरी त्या दिवशी बंदरावर चार-पाच जातीच आलेल्या असतात, बाकीचे फ्रीजरमधले. सांगणारा माणूस थांबून विचार करून "बांगडा आहे, सुरमई आहे, सौंदाळे थोडे आहेत" असं म्हणाला, तर बसायला हरकत नाही. "सगळं आहे, काय पाहिजे सांगा" असं उत्तर आलं, तर जरा सावध व्हा.

कधी जायचं

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत. या दोन महिन्यांत पावसाळी कोकण बघायला खुशाल जा, पण ताटातली सुरमई त्या सकाळची असेल ही अपेक्षा ठेवू नका. ती बर्फातली असते, नाहीतर पूर्व किनाऱ्याकडून आलेली. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल सुरू होतो. अशा दिवसांत खाडीतला मासा, खेकडे, सुकटीचं कालवण किंवा कोंबडी-वडे यांच्याकडे वळलेलं बरं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या नव्याने निघतात, पण लगेच ताट भरेल असं समजू नका. श्रावणात स्थानिक लोकच मासे खात नाहीत, म्हणून घरगुती खानावळी माल कमी आणतात. गणपतीत तर अर्ध्या खानावळींची चूल घरच्या पाहुण्यांसाठी चालते. शिमग्यालाही हीच गत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तोही आठवड्याच्या मधला वार, हा सगळ्यांत चांगला काळ. पावसाळा सरल्यावर बांगडा मुबलक येतो आणि तेव्हा तो चवीलाही चांगला असतो. दिवाळीची सुट्टी, ३१ डिसेंबरच्या आधीचा आठवडा आणि मे महिना या दिवसांत गर्दी असते. तेव्हा भाव चढतात आणि स्वयंपाकघरातली घाई ताटात दिसते.

खानावळ कशी ओळखायची

किनाऱ्याला लागून असलेल्या जागेत तुम्ही समुद्र बघायचेही पैसे देता. त्यात चूक काही नाही, फक्त ते माहीत असावं. जेवणासाठी बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत किंवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिरा. दुपारी एकच्या सुमाराला रिक्षावाले, बँकेतले कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक जिथे बसलेले दिसतील, तिथे माल रोज संपतो. आणि माल रोज संपणं हीच ताजेपणाची खरी हमी आहे. खडूने लिहिलेला फळा असेल तर उत्तम. पनीर टिक्का, हक्का नूडल्स, पावभाजी आणि त्यातच मालवणी थाळी, असा दहा पानी मेनू असेल तर मासा तिथला मुख्य धंदा नाही.

वेळ पाळा. घरगुती खानावळी साधारण बारा ते तीन आणि संध्याकाळी साडेसात ते दहा चालतात. आपल्याकडच्या ढाब्यासारखं चार वाजता जाऊन "काहीही द्या जी" म्हटलं तर उरलेला भात आणि थंड आमटी मिळेल. तीनच्या आत पोहोचणं जमणार नसेल तर आधी फोन करा. उकडीचे मोदक, कोंबडी-वडे, खेकड्याचं कालवण या गोष्टी सकाळी नऊ-दहाच्या आत सांगाव्या लागतात. ऐनवेळी मागितलेल्या मोदकासाठी तास-सव्वा तास बसावं लागेल, आणि तो घाईचा मोदक फुटलेला असेल.

भाव आधी, मासा नंतर

खानावळीत सगळ्यांत जास्त वाद होतात ते "साइजप्रमाणे" या एका शब्दावरून. पापलेट, शेवंड (लॉब्स्टर), मोठी कोळंबी, खेकडे यांच्यापुढे कार्डावर भाव नसतो. तिथे तीन प्रश्न विचारायचे आणि ते लाजून गिळायचे नाहीत. नग केवढा आहे, दाखवा. हा भाव नगाचा, प्लेटचा की किलोचा? आणि तळून, मसाल्यासकट, ताटात येईपर्यंत एकूण किती? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. किलोचा भाव कच्च्या माशाचा असतो आणि बनवण्याचे पैसे वेगळे लागतात, हे काही ठिकाणी बिल आल्यावरच कळतं.

एका माणसाला दोनशे ते तीनशे ग्रॅमचा पापलेट पुरतो. त्याहून मोठा घेऊन दोघांत वाटला तर मांस जास्त आणि काटा कमी मिळतो. खेकड्याचं गणित उलटं आहे. वजनातलं बरंचसं कवच असतं, म्हणून किलोभर खेकडे बघून "बाप रे, एवढे?" वाटलं तरी चार जणांच्या वाट्याला थोडंच मांस येतं. दोन छोट्यांपेक्षा एक मोठा, जड नग घ्या. उचलल्यावर आकाराच्या मानाने हलका लागणारा खेकडा आतून पोकळ असतो. अमावास्येच्या आसपास खेकडे भरलेले मिळतात असं तिथले कोळी सांगतात, आणि गिऱ्हाईकही त्या हिशेबाने येतं.

थाळी मागवली तर आत काय आहे ते विचारून घ्या. साधारणपणे एक तळलेली तुकडी किंवा अख्खा मासा, वाटीभर कालवण, दोन चपात्या किंवा भाकऱ्या, भात, सोलकढी आणि सुकटीची चटणी किंवा कोशिंबीर एवढं येतं. भात आणि कालवणाचा रस्सा पुन्हा मिळतो, तळलेला मासा मिळत नाही. दुसरी सोलकढी कुठे फुकट, कुठे पैशाने. भाकरी म्हटलं की तांदळाची येते, ज्वारीची आशा धरू नका. स्वस्तात बांगडा थाळी, तिच्यावर सुरमई, तिच्यावर पापलेट, हा क्रम जवळजवळ सगळ्या किनाऱ्यावर सारखा असतो. पहिल्या जेवणाला चौघांनी चार सारख्या थाळ्या घेण्यात अर्थ नाही. दोन सुरमई, एक बांगडा, एक कोळंबी घ्या आणि मधे ठेवून वाटून खा. दुसऱ्या दिवशी काय मागवायचं ते तिथेच ठरतं.

कुणी काय खावं

रोहू-कतल्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात, म्हणून आपल्याकडचा माणूस मासा जपून, बोटांनी चाचपत खातो. सुरमईला ती कटकट नाही. आडव्या कापलेल्या तुकडीत मधोमध मणक्याची एक गोल चकती, तिच्याभोवती मांस. मरळ आवडणाऱ्याला सुरमई लगेच आवडते. लहान मुलं आणि आजी-आजोबा यांच्यासाठी हाच मासा घ्या. दक्षिण कोकणात काही ठिकाणी तिला इसवण म्हणतात.

बांगड्याला स्वतःची ठळक चव आणि तेल असतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला त्याचा वास उग्र वाटू शकतो, पण तिरफळ हा मसाला घातलेलं बांगड्याचं कालवण ही मालवणची खरी ओळख आहे. त्यातली तिरफळं बाजूला काढा. चावली तर जीभ बधिर होते आणि पुढचे चार घास वाया जातात. मांदेली कुरकुरीत तळलेली असेल तर काट्यासकट खायची. ओला बोंबील मऊ असतो, काटाही मऊ. तो अलिबाग-मुरूडच्या बाजूला खा. हा मासा मुख्यतः उत्तरेकडच्या पट्ट्यातला आहे, मालवणात त्याचा हट्ट धरू नका. कर्ली चवीला सुरेख, पण काट्यांचं जाळं असतं, तिच्या वाटेला पहिल्या दिवशी जाऊ नका. मोरी म्हणजे छोटा शार्क. तिचं मटणासारखं सुकं करतात आणि सावजीवाल्यांना ते पटतं. मात्र मोरीला अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर ती शिळी आहे. शार्कच्या मांसातल्या युरियाचा अमोनिया होतो, मसाल्याने तो झाकत नाही.

तर्रीची सवय असणाऱ्याला मालवणी कालवण गोडसर, नारळाचं वाटतं आणि "तिखट करा" अशी मागणी होते. तसं सांगितलं की स्वयंपाकी वरून लाल तिखट टाकतो. कच्च्या तिखटाने रस्सा बिघडतो आणि पोटही. झणझणीतच हवं असेल तर अलिबाग-मुरूडकडचं आगरी-कोळी पद्धतीचं कालवण मागा. त्यात नारळ कमी, लसूण, चिंच आणि मसाला जास्त असतो. मालवणात तिखट पाहिजे तर सुकं मागा, रस्सा नको.

तळणीत तवा फ्राय आणि रवा फ्राय असे दोन प्रकार असतात. नव्या ठिकाणी पहिल्यांदा तवा फ्राय घ्या. रव्याच्या जाड थराखाली पातळ तुकडी आणि जुना मासा दोन्ही लपतात. खानावळीवर विश्वास बसला की मग रवा.

ताटात मासा आल्यावर

अख्खा पापलेट असा खायचा: मासा आडवा ठेवा. डोक्यामागून शेपटीपर्यंत अंगावर मधोमध एक रेघ दिसते, तिच्यावर अंगठ्याने हलका दाब देत जा. मांस वर-खाली दोन भागांत सुटतं. आधी वरचा भाग, मग पोटाकडचा. आता मधला काटा उघडा पडला. शेपटीकडून धरून तो डोक्याकडे उचला, कंगव्यासारखा अख्खा निघतो आणि खालचं मांस एकसंध राहतं. मासा उलटवायची गरज नाही. उलटवला तर काटे मोडून मांसात मिसळतात. कडेच्या परांजवळ बारीक काट्यांची रांग असते, ती मुलांना देऊ नका.

खेकड्याचे आधी पाय तोडा, मग नांग्या. नांगी फोडायला अडकित्ता किंवा सांडशी मागा, दातांनी फोडू नका. समुद्री खेकड्याचं कवच आपल्या धानाच्या बांधीतल्या खेकड्याहून कितीतरी टणक असतं. पाठीचं झाकण उघडल्यावर दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे पिसांसारखे कल्ले दिसतील, ते काढून टाका. तिसऱ्या म्हणजे छोट्या शिंपल्या. त्यांच्यात शिजूनही मिटलेली राहिलेली शिंपली बाजूला ठेवा. दातांखाली रेती आली तर शिंपल्या नीट धुतलेल्या नाहीत, प्लेट परत करा. तिसऱ्या आणि कालवं (ऑयस्टर) पाणी गाळून जगतात, पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते, म्हणून भर पावसाळ्यात ती टाळलेली बरी.

शिजलेल्या माशाचा ताजेपणा मांसावरून कळतो. ताज्या सुरमईचे पदर ओलसर, घट्ट सुटतात आणि मणक्याला थोडे चिकटून राहतात. मांस पिठासारखं भुगा होत असेल, काट्यापासून आपोआप गळत असेल, तर मासा जुना. मांस गडद लालसर-तपकिरी असेल तर ती सुरमई नसून कुपा (ट्यूना) असण्याची शक्यता जास्त. पापलेट म्हणून हलवा नावाचा मासा येण्याचाही प्रकार होतो. हलवा काळपट-करडा असतो आणि शेपटीजवळ कडक खवल्यांची रेघ हाताला लागते. हलवाही चांगलाच मासा आहे, फक्त पापलेटच्या भावाने घेऊ नये. शंका आली तर दोन घासांतच बोला. अर्धी प्लेट संपवून तक्रार केली तर कुणी ऐकत नाही.

सोलकढी जेवणाच्या शेवटी, उरलेल्या भातावर किंवा नुसती प्यायची. ती सकाळी करून दिवसभर बाहेर ठेवलेली नको. नारळाचं दूध दमट हवेत काही तासांतच उतरतं. वर पाणी, खाली गाळ, कडेला फेस आणि आंबूस वास असला तर हात लावू नका.

अंगावर उठलं, काटा अडकला

बांगडा, सुरमई, कुपा, तारली हे मासे पकडल्यावर नीट बर्फात ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली तर तिथेच थांबा. काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, छातीत धडधड झाली तर डॉक्टरकडे जा आणि कोणता मासा, किती वाजता खाल्ला ते सांगा.

कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी वेगळी. घरी झिंगे खाऊन कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील तर त्याने कोळंबी, खेकडा, शेवंड तिन्ही टाळावेत. ज्यांनी कधीच खाल्लं नाही, विशेषतः मुलांनी, आधी एक-दोन कोळंब्या खाऊन अर्धा तास थांबावं. ओठ सुजले, श्वास लागला तर थेट दवाखाना.

घशात काटा अडकल्यावर भाताचा किंवा केळ्याचा गोळा गिळायला सांगतात. तसं करू नका, काटा आणखी खोल रुततो. खोकून निघाला तर ठीक, नाहीतर कान-नाक-घशाचे डॉक्टर.

माळकरी मंडळी सोबत असतील तर

शेगाव-पंढरीचे माळकरी नाहीत असं कुटुंब आपल्याकडे विरळा. त्यांच्यासाठी मासेवाल्या खानावळीत "व्हेज पण मिळतं" यावर विसंबू नका. तवा आणि तेल एकच असतं, आणि चटणीत किंवा वांग्याच्या भाजीत सुकट असू शकते. "सुकट, जवळा घातलाय का?" असं स्पष्ट विचारा. गणपतीपुळे, गुहागर, आंजर्ले, दिवेआगर इथे निव्वळ शाकाहारी घरगुती खानावळी आहेत, एक वेळचं जेवण मुद्दाम तिथे ठेवा. काळ्या वाटाण्याची उसळ, डाळिंब्यांची (सोललेल्या वालांची) उसळ, अळूचं फतफतं, फणसाची भाजी मागा. मार्च ते मे दरम्यान ओल्या काजूची उसळ मिळाली तर सोडू नका. सोलकढीत लसूण असते, चालत नसेल तर आधी सांगा.

गाडीभर माणसं आणि बिल

वीस-पंचवीस जणांची ट्रॅव्हल्स घेऊन घरगुती खानावळीच्या दारात अचानक उभं राहू नका. आदल्या दिवशी फोन करा, माणसं, मुलं, शाकाहारी किती ते मोजून सांगा, एकच मासा ठरवा आणि थोडा अॅडव्हान्स द्या. शंभर तऱ्हेच्या ऑर्डरी दिल्या तर पहिल्याचं जेवण संपेपर्यंत शेवटच्याचं येत नाही.

दापोलीजवळ हर्णे बंदरात सकाळी आणि दुपारनंतर लिलाव चालतो. लिलाव टोपल्यांचा, व्यापाऱ्यांसाठी. आपण बाजूला बसलेल्या विक्रेत्या मावशींकडून घ्यावं. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, बोट दाबल्यावर मांस परत वर येतं का, एवढं बघा. डोकं, शेपूट, आतडी गेल्यावर पाव ते तिसरा हिस्सा वजन कमी होतं, त्या हिशेबाने जास्त घ्या. आणि मासा घेण्याआधी खानावळीला फोन करून बनवून देणार का, किलोमागे किती घेणार ते ठरवा. मासा हातात घेऊन घासाघीस करता येत नाही.

बिल बसून वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो. बिलावर कंपोझिशन योजनेचा (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची योजना) उल्लेख असेल तर तुमच्याकडून तो वेगळा घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. छोट्या गावांत नेटवर्क जातं आणि फोन पे अडकतं, म्हणून जेवणापुरती रोख जवळ ठेवा.

ताजा मासा गाडीत घालून विदर्भापर्यंत आणायचा मोह टाळा, साध्या थर्मोकोलच्या डब्यात तो एवढा प्रवास टिकत नाही. सुके बोंबील, सोडे (सुकी कोळंबी), जवळा घ्यायचे तर हाताला कोरडे लागणारेच घ्या. ओलसर, जड लागणाऱ्या मालात तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि घरी पोहोचेपर्यंत त्याला बुरशी धरते. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मधे वर्तमानपत्र, वरून घट्ट गाठ, आणि पिशवी डिकीत. सीटखाली ठेवलीत तर सिंदखेडराजा येईपर्यंत माळकरी काकाजी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाऊन बसलेले असतील.